सरांचं बजेट

माझ्या नव्या कम्प्युटरचं कोटेशन एका अनोळखी गृहस्थांच्या नावावर निघालं. आडनाव त्यांचं, मोबाइल नंबर त्यांचा, पैसे तेवढे माझे.

मी घरून व्हिडिओ एडिटिंग करते. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, अधूनमधून एखाद्या क्लासची जाहिरात. जुना लॅपटॉप फोर-के फुटेज बघितलं की बसकण मारायला लागला, म्हणून डेस्कटॉप असेंबल करायचं ठरवलं, पार्टची यादी केली आणि ग्रँट रोडला उतरले. तिथला लॅमिंग्टन रोड म्हणजे मुंबईतला कम्प्युटरच्या पार्टचा बाजार. त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याला जाऊन जमाना झाला, पण टॅक्सीवाल्याला भडकमकर मार्ग म्हणून बघा, तो तुम्हालाच पत्ता विचारेल. या शहरात एकदा काही चिकटलं की सुटत नाही.

दुकान म्हणजे एक काउंटर, मागे छतापर्यंत खोकी आणि मध्ये एका कानात इयरफोन घातलेला मुलगा. माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते. सत्तरीचे, सफारी सूट, प्रिंटरचं रिकामं कार्ट्रिज दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. मी यादी पुढे केली. मुलाने ती वाचली, मान वर केली आणि त्या गृहस्थांना विचारलं, "अंकल, यूज क्या है?"

इथे कुणीही भला माणूस "मी यांच्याबरोबर नाही हो" म्हणाला असता. गृहस्थांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "घरगुती."

"व्हिडिओ एडिटिंग," मी म्हणाले.

"मॅडम को वीडियो देखना है," मुलाने मान डोलावली. "बजेट क्या है, सर?"

"पस्तीसच्या आत बसवा," सर म्हणाले.

पस्तीस हजारांत माझ्या यादीतली निम्मी खोकीही आली नसती. पण मुलगा खुलला. आय५-१४४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, असं भराभर बोलायला लागला. मी म्हटलं, एफ नको. एफ लागला की प्रोसेसरमधलं ग्राफिक बंद, आणि इंटेलचं क्विक सिंक त्या ग्राफिकमध्येच असतं. व्हिडिओ उघडायला आणि परत गुंडाळायला मला नेमकं तेच लागतं. म्हणून बिनएफचा १४५००. आणि बोर्ड बी७६०, कारण पुढे रॅम वाढवायची तर एच६१० ला मुळात दोनच स्लॉट. हे सगळं मी न अडखळता, मुद्देसूद बोलले. मुलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि गृहस्थांना म्हणाला, "सर, एफ सस्ता पडेगा."

"एफ घ्या," गृहस्थ मला म्हणाले. अगदी मायेने.

"एफ म्हणजे काय, माहितीय का तुम्हाला?"

"फॅन असेल," ते म्हणाले. "उकाडा किती आहे."

गृहस्थ वीज खात्यातून निवृत्त झालेले होते. हे मी विचारलं नव्हतं. यादीत त्यांना ६५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, दिसला आणि त्यांच्या अंगात खातं संचारलं.

"साडेसहाशे? कम्प्युटर घेताय की इस्त्री?" त्यांनी माझीच यादी ओढून मागे गणित मांडलं. "सहाशे पन्नास गुणिले चोवीस. दिवसाला साडेपंधरा युनिट! महिन्याला साडेचारशेच्या वर. स्लॅब कुठे जाईल तुमचा?"

मी सांगितलं, ६५० ही ताकद झाली, खप नव्हे. मशीनला जेवढी लागेल तेवढीच वीज तो ओढतो.

"वीज मला शिकवू नका. आणि हे गोल्ड काय लिहिलंय? सोनं कशाला आत?"

"८० प्लस गोल्ड. निम्म्या भाराला नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते."

"आणि उरलेली दहा?"

"तिची उष्णता होते."

"बघा!" ते मुलाकडे वळले. "म्हणून म्हणत होतो, एफ घ्या."

मुलगा हसला नाही, हे मला जास्त लागलं. त्याने खरोखर एफचं खोकं काउंटरवर ठेवलं.

मग गृहस्थांनी विचारलं, "घरी अर्थिंग आहे का?" हा प्रश्न मात्र बरोबर होता, आणि तो त्यांनी विचारला याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आमच्या जुन्या इमारतीत सॉकेटचं तिसरं भोक शोभेला असतं. अशा ठिकाणी पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. लॅमिंग्टन रोडवर त्या दिवशी ग्राहकाच्या हिताचं एकच वाक्य बोललं गेलं, आणि ते कार्ट्रिज भरायला आलेला माणूस बोलला.

आता यात विनोद काही उरत नाही, पण सांगते. बाई एकटी दुकानात गेली की दुकानदार तिच्याबरोबरचा पुरुष शोधतो. बरोबर नसेल तर जवळपास उभा असलेला धरतो. तोही नसेल तर म्हणतो, "घरी विचारून या." आमच्या घरी विचारायचं कुणाला? सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, पण नवरा आजही अख्ख्या कॅबिनेटला सीपीयू म्हणतो. बरं, या मुलाचं वय वीस-बावीस. मी एडिट केलेल्या लग्नांत असलीच मुलं नाचत असतात, आणि त्यांच्या नाचातले चुकलेले ठेके मी कापते म्हणून ती बरी दिसतात. हे त्याला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. त्याने ते गृहस्थांना सांगितलं असतं.

रॅमवर तर गृहस्थ पेटलेच. त्यांचं काही चुकलं नाही, कारण तो आकडा ऐकून मीही काउंटर धरला. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जे चढले ते चढलेच. एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी एवढी, की चिप बनवणारे आधी तिकडे माल पाठवतात. कुठे तरी एखादं यंत्र कुणाला तरी मांजराचं चित्र काढून देतं आणि त्याची वर्गणी डोंबिवलीच्या मुंजीवर बसते.

"सोळा-सोळाचे दोन, डीडीआर५," मी म्हणाले.

"घरात माणसं किती?" गृहस्थ.

"दोन."

"मग सोळा पुरे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. रॅम माणशी आठ, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता आणि त्यात मला बोलायला कुठे जागाच नव्हती.

एवढ्यात मुलाने "नाम?" विचारलं. गृहस्थांना वाटलं कार्ट्रिजसाठी. कोटेशन त्यांच्या नावावर आलं ते असं. मी म्हटलं, माझा जीएसटी नंबर आहे, १८ टक्के मला परत क्रेडिट घ्यायचेत, बिल माझ्या नावाने हवं. मुलाने "सॉरी मॅडम" म्हणून पक्कं बिल काढलं. त्यावर छापलं होतं "मिसेस", आणि पुढे गृहस्थांचं आडनाव. गृहस्थांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच एक पाऊल बाजूला सरकले.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा क्यूआर कोडचा स्टँड मात्र कुणालाही न विचारता माझ्याकडे वळला.

शेवटी सगळं माझ्या यादीप्रमाणे आणलं. बिनएफ, बी७६०, बत्तीस जीबी, गोल्ड. मोबाइल नंबर बदलायचा राहिला, त्यामुळे वॉरंटीचा मेसेज गृहस्थांनाच गेला असणार. ते तो जपून ठेवतील, याबद्दल मला शंका नाही. घरी जोडल्यावर फाइली साठवायच्या एक टीबीच्या एसएसडीत ९३१ जीबी दिसले. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, आणि मधल्या फरकाचं दुःख ग्राहकाने करायचं.

संध्याकाळी शेजारचे काका डोकावले. दिवाणखान्यात नवरा बसला होता.

"नवा सीपीयू घेतलात म्हणे!"

"हो," नवरा कॅबिनेटच्या काचेवर हात ठेवून म्हणाला. "आय५ आहे. सोळा जीबी."

"बत्तीस!" मी आतून ओरडले.

"बत्तीस?" काका त्याला म्हणाले. "मोठाच खर्च केलात की हो तुम्ही."