क्यूबाच्या सायकली आणि क्यूबाची भाजी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. १९९०च्या दशकात तेल आटल्यावर क्यूबातले लोक सायकलवर आले आणि शहरातच भाजी पिकवू लागले, अशा माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "याला जीवनशैली बदलणं म्हणू नका. लोक उपाशी होते म्हणून सायकलवर बसले. तेल मिळालं तशा सायकली अडगळीत गेल्या." सविस्तर उत्तर देतो.

उपासमारीबद्दल वादच नाही. सोव्हिएत संघ कोसळला आणि तिथून येणाऱ्या स्वस्त तेलाबरोबर खत, पशुखाद्य, ट्रॅक्टरचे सुटे भाग, सगळंच आटलं. लोकांची वजनं उतरली. १९९१ ते १९९३ दरम्यान ५०,०००च्या वर लोकांना मज्जातंतूंचा विकार जडला. कुणाची नजर अधू झाली, कुणाचे पाय बधिर झाले. निकृष्ट आहार हे त्याचं मोठं कारण. १९९४च्या ऑगस्टमध्ये हवानात लोक रस्त्यावर उतरले आणि पुढच्या काही आठवड्यांत हजारो जण तराफे बांधून फ्लोरिडाकडे निघाले. हे झाकून क्यूबाचं कौतुक मलाही नको.

पण सायकल टिकली नाही म्हणून काहीच टिकलं नाही, हे मला पटत नाही. चीनहून १० लाखांवर सायकली आल्या. जड गाडी, टायर-ट्यूबची मारामार, वीज गेल्यामुळे अंधारे रस्ते आणि अर्धपोटी चालवणारा. २००० सालच्या करारानंतर व्हेनेझुएलाचं तेल येऊ लागल्यावर माणसं सायकलवरून उतरली, यात नवल काय?

भाजीचं तसं झालं नाही. हवानातल्या पडीक जागांवर, जमीन निकस असेल तिथे कडा बांधून, त्यात कंपोस्ट भरून वाफे केले गेले. लेट्यूस, मुळा अशी भाजी तिथेच पिकायची आणि तिथेच विकली जायची. ट्रकच्या डिझेलचा प्रश्नच नाही. त्यातच १९९३ मध्ये सरकारी शेतजमिनीचा मोठा भाग सहकारी गटांना कसायला मिळाला, १९९४ मध्ये शेतकरी बाजार उघडले आणि सरकारचा कोटा भरून उरलेला माल खुल्या भावाने विकता येऊ लागला. पिकवणाऱ्याच्या हातात पैसा खेळू लागला. हवानाच्या आलामार भागातली सहकारी भाजीबाग १९९७ मध्ये सुरू झाली. तेल परत आल्यावरही ती बंद पडली नाही. सायकलवाल्याच्या वाट्याला नुसते कष्ट आले, भाजीवाल्याला मोबदलाही मिळाला. माझ्या मते सगळा फरक इथे आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमका तोच सुटला.

एक मर्यादा मात्र तुम्ही विचारली नसलीत तरी सांगतो. या वाफ्यांत भाजी येते, धान्य नाही. गहू आणि बराचसा तांदूळ क्यूबा बाहेरूनच आणत राहिला. टीका करायचीच, तर तिथे करा. त्यावर माझ्याकडेही समाधानकारक उत्तर नाही.