पोरगी कुणाकडं आहे?

त्या दिवशी आमच्या घरात अकरा मोठी माणसं होती. आणि तीन वर्षांची चिऊ एकटी दारातनं निघून गंगावेशीच्या चौकापर्यंत गेली.

आषाढातला मंगळवार. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीतनं नदीचं नवं पाणी देवीला वाहायची मिरवणूक टेंबलाईच्या देवळाकडं निघालेली, पुढं पी ढबाक हे पारंपरिक वाद्य वाजत होतं. घरात पाहुणे, चुलीवर मटण, आई पांढऱ्या रश्श्याचं बघत होती. मिरवणूक दारावरनं गेली, सगळे बघून आत आले. पाचेक मिनिटांनी बायकोनं विचारलं, "चिऊ तुमच्याकडं आहे न्हवं?" मला वाटत होतं ती आईकडं आहे. आईला वाटत होतं बहिणीकडं. बहीण म्हणाली, "दादा, मी तर तुझ्या खांद्यावर बघितली होती." होती, मिरवणूक बघताना. आत आल्यावर मी तिला खाली ठेवली आणि दार तसंच उघडं टाकून पाहुण्यांना पाणी द्यायला गेलो.

मी आधी पळालो ते पंचगंगेच्या घाटाकडं. आषाढातली नदी, पाणी पायऱ्यांवर चढलेलं. तिथं ती नव्हती. परत येतोय तोवर फोन आला. चिऊ पी ढबाकच्या मागं मागं चालत गेली होती आणि गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी बघत उभी राहिली होती. एका गवळीमामांनी तिला एकटी बघून जवळ बसवून घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिले, "हे बाळ कुणाचं हाय?" आमच्या गल्लीतल्या एका पोरानं ओळखलं. सगळं मिळून पंधरा मिनिटं. त्या मामांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. संध्याकाळपर्यंत घरात एकच वाक्य फिरत होतं, "आई असून लक्ष नाही." दार उघडं टाकलं मी, आणि बोल ऐकला बायकोनं. मला याचा फार राग आला, अजून आहे. घरात एकटी आई असते तेव्हा तिला पक्कं माहीत असतं की पोर आपल्यावर आहे. माणसं वाढली की प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी बघतंय. लग्न, बारसं, यात्रा, गणपती, घराला रंग देताना, सामान हलवताना, दार सताड उघडं आणि पोर कुणाच्याच हवाली नाही, असं तेव्हाच होतं. म्हणून आमच्यात आता तोंडानं सांगायचा नियम आहे. "चिऊ तुझ्याकडं." "हां, माझ्याकडं." समोरच्यानं हां म्हटल्याशिवाय हलायचं नाही. पहिल्यांदा पाहुणे हसले. हसू देत.

दुसरं काम कडीचं. आमची कडी दाराच्या मध्यावर होती आणि चिऊ ती दोन महिन्यांपासून काढत होती, आम्ही कौतुक करत होतो. तीन वर्षांचं पोर साधारण तीन फूट दोन इंच, हात वर केला की पावणेचार फुटांपर्यंत पोचतं. त्यात दीड फुटाचं प्लॅस्टिकचं स्टूल ओढून आणलं की सव्वापाच. म्हणून नवी कडी मी साडेपाच फुटांच्या वर बसवली. पण आतनं कुलूप लावून किल्ली कपाटात ठेवू नका. गॅसनं पेट घेतला तर दार मोठ्या माणसाला एका हातानं, अंधारातही उघडता आलं पाहिजे. दाराला वर एक पितळी घंटाही बांधलीय. दार हललं की स्वयंपाकघरात ऐकू येतं. गच्चीच्या दारालाही तेच करा, ते सगळे विसरतात.

तरी पोर दिसेनासं झालंच, तर पलंगाखाली एकानं बघावं आणि बाकीच्यांनी आधी पाण्याकडं पळावं. नदी, रंकाळा-कोटितीर्थासारखी तळी लांब राहू द्या, घरातलं पिंप, अंगणातली जमिनीतली टाकी, शेजारच्या बांधकामावरचा हौद बघा. बुडणारं लेकरू बहुतेक वेळा ओरडत नाही, हाका मारत नाही. लहान पोराला बादलीतलं वीतभर पाणीही पुरतं आणि एक-दोन मिनिटांत सगळं होऊन जातं.

पोलिसांना कळवायला चोवीस तास थांबावं लागतं ही समजूत अजून घरोघरी आहे. ती साफ चुकीची आहे. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 सालीच सांगितलंय. 112 लावा, मुलांसाठीचा 1098 लावा. पोर नंतर माळ्यावर झोपलेलं सापडलं तर कुणी फासावर देत नाही.

आणि सापडल्यावर मारू नका, हात जोडून सांगतो. मार खाल्लेलं पोर पुढच्या वेळी हाक ऐकून लपून बसतं.

आमच्या ओळखीत एक घर आहे, त्यांचा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. सात वर्षांचा, बोलत नाही, संधी मिळाली की निघतो, आणि जातो तो सरळ पाण्याकडं. अमेरिकेत 2012 साली एका पाहणीत आढळलं होतं की स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी असं निघून जायचा प्रयत्न केला होता. त्या घराला तीन कड्या आहेत. गल्लीत लोक म्हणतात, पोराला कोंडून ठेवतात. मीही एकदा म्हटलं होतं. परवा जाऊन त्या वहिनींची माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "भाऊजी, तो एकटा दिसला तर त्याला धरून ठेवाल का? ओरडला तरी सोडू नका." मुलाचा फोटो आणि त्यांचा नंबर आता आमच्या गल्लीतल्या सात दुकानांत दिलाय.

जुनी माणसं म्हणतात, आमच्या वेळी पोरं दिवसभर गल्लीत असायची, कुणी हरवलं नाही. खरं असेल. तेव्हा दारात बसून तांदूळ निवडणाऱ्या चार बायका असायच्या, आणि गल्लीतनं एवढ्या मोटारसायकली सुटत नव्हत्या.

शुक्रवार पेठेत, उत्तरेश्वर पेठेत कुणाच्या घरी लहान पोर असेल आणि कडी वर बसवायची असेल, तर ड्रिल मशीन माझ्याकडं आहे. कडी तेवढी आणून ठेवा. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, नुसती हाक मारा.