केसी मार्टिनला खटल्यापुरतं ठेवू नका

आमच्या पोर्टलंडच्या ग्रुपवर परवा ओरेगन विद्यापीठाच्या मुलांच्या गोल्फ टीमचा विषय निघाला आणि पहिलंच उत्तर आलं, "केसी मार्टिन ना? गोल्फ कार्टसाठी सुप्रीम कोर्टात गेला होता तो?" हो, तोच. कार्ट म्हणजे मैदानावर फिरायची छोटी गाडी, आणि पाय अधू असल्याने स्पर्धेत ती वापरू द्या, एवढीच त्याची मागणी होती. पण या माणसाचं नाव निघालं की गाडी दर वेळी त्या एका खटल्यावर येऊन थांबते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. खटल्याचा निकाल लागला २००१ मध्ये. २००६ मध्ये तो ओरेगनचा कोच झाला. त्यानंतर कॉलेजची पोरं घडवण्यात त्याने जे आयुष्य घातलं, ते माझ्या मते खटल्याहून मोठं काम आहे.

तरी खटला थोडक्यात सांगावाच लागेल, कारण कॉलेज कोच ही काय चीज असते ते तिथूनच कळतं.

केसीचा जन्म १९७२ चा, इथल्याच, ओरेगनमधल्या युजीन गावातला. उजव्या पायात जन्मजात आजार, क्लिपेल-ट्रेनॉने-वेबर सिंड्रोम. पायातून रक्त नीट परत वर चढत नाही, हाड झिजत जातं. चालण्याने नुसतं दुखतं असं नाही, हाड मोडून पाय कापायची वेळ येऊ शकते. अशा पायावर हा मुलगा स्टॅनफर्डच्या टीममध्ये खेळला. १९९४ मध्ये स्टॅनफर्डने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं त्या टीममध्ये तो होता, आणि त्याच वर्षी टायगर वुड्स तिथे दाखल झाला. कॉलेज गोल्फमध्ये स्वतःची बॅग स्वतः उचलून चालायचा नियम होता. केसीला ते झेपेना, तेव्हा स्टॅनफर्डने आपल्या कॉन्फरन्सला (विद्यापीठांच्या विभागीय गटाला) आणि एनसीएएला (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेला) लेखी विनंती केली आणि दोघांनीही सवलत दिली. विषय संपला!

चालण्यातून अशाच सवलतीसाठी पुढे पीजीए टूरशी, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेशी, सुप्रीम कोर्टापर्यंत भांडावं लागलं. टूरच्या पात्रता स्पर्धेच्या पहिल्या दोन टप्प्यांत सगळ्यांनाच कार्ट चालायची, तिसऱ्या टप्प्यात मात्र नाही. केसीने वैद्यकीय कागदपत्रं जोडून अर्ज केला, तर टूरने ती बघायलाही नकार दिला. निक्लॉस आणि पामर यांच्यासारख्या दिग्गज गोल्फपटूंनी टूरच्या बाजूने साक्ष दिली. त्यांना मी मानतो, पण इथे ते चुकले. त्या खटल्यात एका तज्ज्ञाने हिशोब मांडला की १८ होल, म्हणजे एक पूर्ण फेरी, चालण्यात साधारण ५०० कॅलरी खर्च होतात, म्हणजे एका बिग मॅक बर्गरपेक्षाही कमी. शिवाय कार्ट घेऊनही केसीला एका फेरीत मैलभराहून जास्त चालावं लागतच होतं. ७ विरुद्ध २ असा निकाल त्याच्या बाजूने लागला. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की जे एवढ्या मोठ्या टूरला कोर्टाने समजावून सांगावं लागलं, ते कॉलेजच्या लोकांना एका पत्रात कळलं होतं. समोरच्या मुलाला खेळता आलं पाहिजे, ही तिथली पहिली तळमळ.

टूरवर त्याची कारकीर्द फार फुलली नाही, हे खरं. १९९८ च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत तो २३ व्या क्रमांकावर बरोबरीत राहिला. २००० चा हंगाम मुख्य टूरवर खेळला, पण कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, टिकलं नाही. पाय साथ देईना. मग तो गावी परतला आणि ओरेगनच्या मुलांचा कोच झाला. याला अनेक जण "टूरवर जमलं नाही म्हणून" असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. कोणाची हिंमत आहे का त्यांना न जमलेला क्रिकेटपटू म्हणायची? कॉलेज गोल्फमध्ये ह्यूस्टन विद्यापीठाचे डेव्ह विल्यम्स होऊन गेले, मूळचे केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. त्यांच्या टीमने १९५६ ते १९८५ या काळात १६ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. कोचिंग ही वेगळी विद्या आहे.

आणि ती विद्या नेमकी काय, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. "गोल्फच्या कोचला काम तरी काय? पोरं खेळतात, हा बघतो," असं मी आपल्याच लोकांकडून ऐकलंय. माझा मुलगा इथे ज्युनियर स्पर्धा खेळायचा, त्यामुळे हे लोक जवळून बघायला मिळाले. कॉलेजचा लोगो असलेली टोपी घालून कोच लांब झाडाखाली उभे असतात. नियमाने दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत ते मुलांशी भरतीबद्दल बोलू शकत नाहीत, म्हणून नुसतं बघतात. एकदा एका मुलाने दोन फुटांचा पुट (चेंडू खड्ड्यात ढकलायचा सोपा फटका) घालवला. आम्ही सगळे पालक चुकचुकलो. शेजारी उभ्या कोचचं लक्ष मात्र चेंडूकडे नव्हतंच. वडील पाण्याची बाटली घेऊन पुढे आले, मुलाने ती न बघताच हिसकावून घेतली, आणि कोचने वहीत काहीतरी खरडून पुढच्या ग्रुपकडे मोर्चा वळवला. मला त्या क्षणी लख्ख कळलं की ही मंडळी स्विंग (फटका मारायची ढब) बघायला येत नाहीत, स्विंग सगळ्यांचेच चांगले असतात.

भरती झाली की खरी परीक्षा सुरू. टीममध्ये नऊ-दहा पोरं, प्रत्येक जण आपापल्या शाळेचा हिरो. स्पर्धेला न्यायची पाच, त्यातल्या चार जणांचे स्कोअर धरायचे. म्हणजे दर स्पर्धेला निम्म्या पोरांना मागे ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून जीव तोडून सराव करून घ्यायचा. वर्षानुवर्षं पूर्ण टीमला मिळून साडेचार स्कॉलरशिप असायच्या. त्या तुकड्या-तुकड्याने वाटायच्या आणि प्रत्येक आईबापाला कमी का मिळाली ते समजावायचं. वर युजीनचा हिवाळा! नोव्हेंबर ते मार्च आभाळ गळतंच. ॲरिझोना, टेक्सासच्या टीम उन्हात खेळत असताना इथली पोरं भिजलेल्या गवतावर उभी. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या गुणी मुलाला "तू ओरेगनला ये" हे पटवून देणं हेच निम्मं कोचिंग.

हे सगळं केसीने त्या पायावर केलंय. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मार्टिस कॅम्पला यूएस ज्युनियर स्पर्धेत तो मुलं हेरायला गेला होता, तर प्रेक्षकाला कार्ट चालत नाही म्हणून त्याची कार्टच काढून घेतली. सुप्रीम कोर्टात जिंकलेल्या माणसाची! पुढे स्पर्धा भरवणाऱ्या यूएसजीए या अमेरिकी गोल्फ संघटनेने माफी मागितली. पण विचार करा, कॉलेज कोचची रोजीरोटी मुलांमागे फिरण्यावर चालते, आणि त्यालाच "एका जागी बसून बघा" म्हणायचं. हा प्रसंग वाचून मला खटल्यापेक्षा जास्त चीड आली होती.

त्याच्या आदल्याच वर्षी, कोचिंग सांभाळून, वयाच्या चाळिशीत तो पुन्हा यूएस ओपनसाठी पात्र ठरला होता. मैदान १९९८ चंच, सॅन फ्रान्सिस्कोचं ऑलिम्पिक क्लब. कट हुकला, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत जाता आलं नाही. पण त्याच्या पोरांनी काय पाहिलं असेल? आपला कोच सांगतो तेच जगतो, हे पाहिलं.

आणि मग २०१६. राष्ट्रीय स्पर्धा त्या वर्षी युजीन कंट्री क्लबवर, म्हणजे अगदी दारात. घरच्या मैदानाचा फायदा होतो म्हणतात, पण दडपणही तेवढंच, अख्खं गाव दोरीला टेकून उभं. ॲरन वाइजने आधी वैयक्तिक विजेतेपद पटकावलं. मग टेक्सासविरुद्ध अंतिम सामना. पाच लढती, दोन इकडे, दोन तिकडे, आणि सगळं येऊन ठेपलं सुलमान रझावर. हा युजीनचाच मुलगा, पुढे टूर गाजवेल असा कोणी स्टार नव्हे. अठरा होल संपले, बरोबरी. पहिला जादा होल, बरोबरी. दुसरा, बरोबरी. तिसऱ्यावर रझाने बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) मारली आणि ओरेगनला गोल्फमधलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. कॉलेज गोल्फमध्ये कोचला खेळ चालू असताना खेळाडूशी बोलता येतं, सल्ला देता येतो. टूरवर ते नसतं. त्यामुळे त्या जादा होलांवर मुलाचा जीव मुठीत असताना काय बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे कोचला त्याच क्षणी ठरवावं लागतं. हे कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. पुढच्या वर्षीही ओरेगन अंतिम सामन्यात होतं, तिथे ओक्लाहोमाने हरवलं. वाइज २०१८ मध्ये पीजीए टूरचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

२०१९ मध्ये केसीचा तो पाय मोडला. हाड नीट जुळेना. ज्या भीतीची कागदपत्रं टूरने बघितली नव्हती, ती खरी ठरली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पाय कापावा लागला. त्यानंतरही तो कोच म्हणून मुलांकडे परतला. बातम्यांचे मथळे तेव्हाही पुन्हा कार्टच्या खटल्यावरच.

आता माझी काळजी वेगळी आहे. कॉलेज खेळांच्या २०२५ पासूनच्या नव्या व्यवस्थेत स्कॉलरशिपची मर्यादा गेली, पण त्यात सामील झालेल्या विद्यापीठांना मुलांच्या गोल्फ टीममध्ये नऊच जण ठेवता येतात. पैसेवाल्या विद्यापीठांचं आणखी फावणार, आणि पहिल्या वर्षी टीममध्ये जेमतेम शिरून तिसऱ्या वर्षी फुलणाऱ्या पोराला कोच जागा कुठून देणार? चांगल्या कोचची खरी कमाई अशीच पोरं असतात. तुमच्यापैकी कोणाची मुलं इथे कॉलेज गोल्फ खेळत असतील, किंवा या नऊच्या नियमात जागा गेली असेल, तर खाली जरूर लिहा. तुमच्या कोचने त्या वेळी काय केलं, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.