पिवळे बेडूक विषारी? त्या फॉरवर्डचं पोस्टमॉर्टम

पहिला दणक्यात पाऊस झाला की तो व्हिडिओ दरवर्षी उगवतोच. डबक्यात पिवळेधमक बेडूक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, आणि खाली मजकूर की हे परदेशातून आलेले विषारी बेडूक आहेत, आपल्याकडे पहिल्यांदाच दिसलेत, हात लावू नका, दिसले की मीठ टाकून मारा, सगळ्या ग्रुपवर पाठवा. ह्यातलं एक वाक्य धड खरं असेल तर शपथ!

परदेशातून आले म्हणे. अहो, हा आपला इंडियन बुलफ्रॉग. पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत भातखाचरात, तळ्याकाठी सापडणारा. एरवी मातकट हिरवा असतो, पाठीवर उभ्या घड्या, बऱ्याचदा मधोमध एक फिकट रेघ. व्हिडिओ पॉज करून बघा, त्या घड्या पिवळ्या बेडकाच्या पाठीवरही दिसतील. बदललाय तो फक्त रंग, आणि तोही नरांचाच, विणीपुरता. मादी बिचारी तशीच मळकट राहते. एकाच डबक्यात एका रात्री शेकडो नर जमले की कोण नर कोण मादी हे पटकन कळावं म्हणून हा भडक रंग असावा असं मानतात, कारण घाईत नर दुसऱ्या नरालाच मिठी मारून बसतात :) विणीचा जोर ओसरला की रंग उतरतो, मग लोक म्हणतात 'कुठे गायब झाले', तर ते तिथेच असतात.

पहिल्यांदाच दिसले हा दावा तर सोडूनच द्या. मोबाईल पहिल्यांदा हातात आला, बेडूक नाही.

आता विषारी. सोनेरी पिवळा जहाल विषारी बेडूक जगात आहे, पण तो कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या जंगलात, जेमतेम 5 सेंटीमीटरचा. आपला हा बुलफ्रॉग त्याच्या तिप्पट मोठा होतो. आणि हा विषारी असता तर गोव्यात पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन ह्यालाच पकडून 'जंपिंग चिकन' म्हणून खाल्लं असतं का? (पकडणं गुन्हा आहे, तरी चालतं.) तंगड्यांसाठी भारतातून ह्याच बेडकांची इतकी निर्यात व्हायची की 1987 मध्ये ती बंद करावी लागली. विषाचा व्यापार करत होतो होय आपण?

बाहेरून आलेला बेडूक त्रास देतो ही भीती मात्र अगदीच हवेतली नाही, फक्त आपण उलटी लावतोय. हाच बुलफ्रॉग माणसांमुळे अंदमानात पोचला आणि पसरला, तिथे त्याची पिल्लं स्थानिक बेडकांची पिल्लं खातात. तिथे तो उपरा, इथे घरचा.

मिठाचा सल्ला सगळ्यात वाईट. बेडूक कातडीतून पाणी घेतो, थोडा श्वासही घेतो, त्यावर मीठ टाकणं म्हणजे त्याच्या अंगातलं पाणी ओढून त्याला तडफडवणं. आणि मारताय कोणाला, तर शेतातले किडे आणि उंदराची पिल्लंसुद्धा गिळणाऱ्याला. अंगणात आला तर झाडूने हळूच ओल्या जागेकडे वळवा, हाताळलात तर हात धुवा, बस. आणि ज्या ग्रुपवर तो व्हिडिओ आलाय तिथे हे पण टाका, काकांना राग आला तर येऊ दे.