उजवी विंग कुणाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रंगमंचाच्या प्रकारांवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप तीन: फोटोत दार डावीकडे दिसत असताना मी 'उजव्या विंगेतून एंट्री' लिहिलं (विंग म्हणजे मंचाच्या बाजूची, नट जिथून आत येतो ती आडोशाची जागा), मराठी शब्द सोडून इंग्रजी वापरले आणि आपले दशावतार-तमाशाचे मंच गाळले.

आधी दार. तुम्ही प्रेक्षकांतून बघताय. रंगमंचाची डावी-उजवी मात्र नटाची धरतात, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची. हे लेखात सांगायचं राहिलं, चूक माझीच. दिग्दर्शक तालमीत समोर खुर्ची टाकून बसतो, त्यामुळे 'उजवीकडे सरक' म्हटलं की नवा पोरगा हमखास विचारतो, "माझ्या की तुमच्या?"

इंग्रजी शब्दांवरून तुम्ही फार चिडलात. 'अपस्टेज'ला, म्हणजे मंचाच्या मागच्या भागाला, 'वर' का म्हणू नये, असं विचारलंत. युरोपात प्रबोधनकाळापासून मंचाची जमीन मागे चढत जाणारी बांधत. मागे पडद्यावर रंगवलेला रस्ता लांबवर गेल्याचा भास त्याने पक्का होई, मागचा नटही दिसे. तिथे मागे जाणं म्हणजे खरंच चढणं होतं. आपल्या नाट्यगृहांतले मंच सपाट. तुमच्या शब्दाने 'वर जा' म्हटलं तर नट सरळ लेव्हलवर, म्हणजे सेटमधल्या उंच चौथऱ्यावर, चढून उभा राहील!

बॅकस्टेजला 'नेपथ्य' म्हणा, हेही सुचवलंत. संस्कृत नाटकात तो अर्थ होताच. 'नेपथ्ये' लिहिलं की आवाज पडद्याआडून येतो. पण मराठीत नेपथ्यकार सेट लावतो. श्रेयनामावलीत रूढ झालेला शब्द आता मागे कसा ओढणार? 'दर्शनी पडदा' आणि 'झालर' मी लेखात वापरलेत, कारण रंगमंचावर काम करणारे तेच बोलतात. विंगेला विंगच म्हणतात.

तिसरा आक्षेप मात्र वर्मी लागला. तीन बाजूंनी प्रेक्षक असलेल्या मंचाचं उदाहरण म्हणून मी जुहूचं पृथ्वी थिएटर दिलं, १९७८ सालचं. तळकोकणात देवळापुढे दशावतार किती आधीपासून चालत आलाय! एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी-पखवाज. राजा बसला की त्याच बाकड्याचं सिंहासन होतं. विंगा नाहीत, दर्शनी पडदा नाही, तरी रात्रभर माणूस हलत नाही. माझ्या लेखातल्या कमानीच्या (मंचाच्या दर्शनी बाजूची, जिच्यातून प्रेक्षक समोरून बघतात ती) चौकटीबाहेरचं हे सगळं मी तीन ओळींतही बसवलं नाही.

तमाशाचं मात्र अर्धंच मान्य. गावच्या मोकळ्या जागेत लोक भोवती बसत हे खरं, पण कनातीतले आजचे मोठे फड उंच स्टेज बांधतात आणि प्रेक्षक समोर. कमान नसली तरी नजर एकाच बाजूची.

दशावताराचा परिच्छेद लेखात घालतो. फोटोखाली आता 'नटाच्या उजवीकडची विंग' असं लिहिलंय.