“बिल तेवढंच, वर कोरल पांढरं पडलं” या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे, पण ते वाचून उद्या घरात समुद्री कोरलचा टँक ठेवणारा दुसरा कोणी रीफवाला घाबरून परत जुन्या हॅलाइडकडे, म्हणजे त्या तापणाऱ्या मोठ्या बल्बकडे, जायला नको म्हणून इथेच सगळ्यांसमोर सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आम्ही महागडी एलईडी गळ्यात मारली, वीज वाचेल म्हणालो आणि मे महिन्याचं बिल मार्चपेक्षा जास्तच आलं, आठवड्यात लेदर आणि मश्रूम ही मऊ (सॉफ्ट) कोरलं पांढरी पडली, ऑनलाइन निम्म्या किमतीत दुप्पट वॅटची लाइट मिळते, आणि हॉलमधला निळा उजेड बघून पाहुणे विचारतात की घरात बार काढलाय का. हे शेवटचं वाचून दुकानात सगळे हसलो, राग मानू नका.

आधी बिलाचं बोलू. तुमच्या 4 फुटी टँकवर 150 वॅटचे दोन मेटल हॅलाइड होते. चोक धरून साधारण 340 वॅट, रोज 9 तास, म्हणजे दिवसाला 3 युनिट आणि महिन्याला 90 च्या आसपास. नवीन दोन एलईडी फुल केल्या तर 90-90 वॅट खातात, पण आम्ही बसवून दिल्या तेव्हा शेड्यूल वेगळं होतं, 11 ला निळा हळूहळू चढणार, दुपारी 2 ते 6 मुख्य उजेड, रात्री 8 ला बंद, आणि पांढरा चॅनल 20 टक्क्यांच्या वर नाही. तसं चालवलं तर सरासरी 80-90 वॅट पडतात आणि महिना 25 युनिटच्या आत निघतो. तुम्ही फोन केल्यावर आमचा मुलगा घरी आला तेव्हा ॲपमध्ये सगळे चॅनल 100 वर होते आणि वेळ सकाळी 9 ते रात्री 11. आता 180 वॅट गुणिले 14 तास करा, रोजचे अडीच युनिट होतात, महिन्याला 75. म्हणजे 90 चे 25 व्हायचे होते ते 75 झाले, आणि एवढा फरक मे महिन्याच्या बिलात कोणाला दिसणार सांगा, घरात दोन एसी चालू असताना?

आणि मार्च-मेची तुलना मुळातच चुकते हो. तुमचा चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड ठेवणारं मशीन, 24 वर सेट केलेला सापडला. हॉल 33-34 ला तापलेला, तिथे पाणी 24 ला धरायचं म्हणजे तो बिचारा पाव एचपीचा कंप्रेसर जवळपास दिवसभर बंदच होत नाही, त्याचेच रोजचे 4 युनिट कुठे गेले नाहीत. सॉफ्ट कोरलला 26 चालतं, उत्तम चालतं, 26.5 ला सुद्धा कोणी तक्रार करत नाही, 29-30 च्या वर जायला लागलं की मग काळजी. आपल्याकडे बिल स्लॅबने येतं, 100, मग 300, मग 500, त्यामुळे वरचं शेवटचं युनिट सगळ्यात महाग पडतं आणि एसी, चिलर, लाइट सगळे मिळून तुम्हाला वरच्या स्लॅबमध्ये नेऊन बसवतात. लाइट बदलून जी बचत होते त्यातली मोठी बचत खरं तर चिलरवर होते, कारण हॅलाइड पाण्यावरच उष्णता ओततो, तर एलईडीची उष्णता वरच्या हीटसिंकमधून पंख्याने बाहेर जाते. पण ती जायला वाट पाहिजे ना! तुमच्या लाकडी हूडची मागची फळी बंद होती, आतल्या आत तीच गरम हवा फिरत होती आणि एका लाइटच्या पंख्याच्या पात्यांवर मिठाचा थर बसून तो अर्ध्या वेगाने फिरत होता. फळी काढून ठेवलीय आणि पंखा ब्रशने साफ केलाय, त्याचे पैसे लावलेले नाहीत.

आता कोरल पांढरं का पडलं. यात लाइट खराब असल्याचं काही नाही, उलट ती जरा जास्तच चांगली निघाली. कोरलच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. उजेड एकदम वाढला की या शेवाळाला तो झेपत नाही, त्यातून घातक ऑक्सिजन तयार व्हायला लागतो आणि कोरल त्याला अंगाबाहेर टाकतं, रंग जातो तो असा. समुद्रात हेच पाणी तापल्यावर होतं, लक्षद्वीपला 1998, 2010 आणि 2016 ला मोठ्या प्रमाणावर झालं. तुमचे हॅलाइडचे बल्ब वर्षाहून जास्त जुने होते, डोळ्याला कळत नाही पण असे बल्ब बरेच उतरलेले असतात, म्हणजे तुमची कोरलं महिनोन् महिने मंद उजेडाला सरावलेली. त्यांच्यावर एका रात्रीत नवी कोरी एलईडी 100 टक्के, ती पण पाण्यापासून 8 इंचावर.

मुलाने पार मीटर (कोरलमधल्या शेवाळाला वापरता येणारा उजेड मोजतो तो) टाकून घेतलेले आकडे इथे देतो, कारण सगळ्यांच्या कामाचे आहेत. वरच्या दगडावर, जिथे मश्रूम ठेवला होता, 410. खाली वाळूवर झोआंजवळ (हेही सॉफ्ट कोरलसारखेच) 180. मश्रूमला 50 ते 80 मध्ये मजेत राहायला आवडतं, लेदर आणि झोआला 80 ते 150 भरपूर झालं. 300-350 लागतं ते ॲक्रोपोरासारख्या कडक कोरलला, जे तुमच्याकडे नाहीच. उन्हाळ्यात भर दुपारी कोणाला गच्चीवर नेऊन बसवावं तसं त्या मश्रूमचं झालं होतं. शेड्यूल 35 टक्क्यांवर आणून लाइट 12 इंचावर चढवल्यावर वर 130 आणि खाली 60 आले, मश्रूम खाली सावलीत नेला. लेदर अजून जिवंत आहे, पॉलिप बाहेर काढतोय, रंग यायला वेळ लागेल. पुढे वाढवायचं असेल तर आठवड्याला 5 टक्के, त्याहून घाई नको. खरं सांगायचं तर वाढवायची गरजच नाहीये.

ऑनलाइनच्या “दुप्पट वॅट” वाल्या लाइटबद्दल. मित्राकडे बघितलीत ती 6500 केल्विनची पांढरी फ्लडलाइट, डोळ्याला झगझगीत दिसते हे खरंय. पण वॅट म्हणजे लाइट किती वीज खाते, कोरलला किती मिळतं ते नाही. आणि डब्यावर जे लुमेन लिहितात ते माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने, आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला सगळ्यात जास्त भुलतो, निळा उजेड आपल्याला मंद वाटतो. झूझँथेलीला मात्र 420 ते 460 नॅनोमीटरचा निळाच हवा असतो, कारण समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच गडप होतो, खाली निळाच पोचतो आणि हे जीव त्याच्यावरच जगत आलेत. म्हणून फोनवरच्या लक्स ॲपने मोजून “तुमची लाइट कमी आहे” म्हणू नका, ते ॲप निळ्याला मोजतच नाही नीट. घरातल्या बल्बला स्टार रेटिंग बघून घेता तसं इथे चालत नाही, इथे बघायचं ते एक वॅटला किती पार मिळतो आणि तो टँकमध्येच पडतो की भिंतीवर सांडतो. चांगल्या रॉयल ब्लू चिपमध्ये निम्म्याहून जास्त विजेचा उजेड होतो आणि लेन्समुळे तो सरळ खाली जातो. पैसे त्या चिपचे, लेन्सचे आणि डिमिंगचे आहेत. महाग आहे, मी नाही म्हणत नाही. (पाहुण्यांना सांगा, ज्या निळ्या एलईडीला बार म्हणताय तिच्या शोधाला 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालंय. रात्री पाहुणे यायच्या वेळी पांढरा चॅनल तासभर 30 टक्के केला तर बार बंद होतो, कोरलला त्याचं काही नाही.)

फ्लडलाइट कोणाला लावायचीच असेल तर निदान मिठाच्या पाण्यावर उघडं कनेक्शन ठेवू नका, वायरला सॉकेटच्या पातळीखाली एक झोळ द्या म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत जात नाही, आणि लाइनवर 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. यात चेष्टा नाही, माणसं टँकमध्ये हात घालतात.

रिव्ह्यूमध्ये मध्येच एक ओळ आहे की “यांच्याकडे कडक कोरल मिळत नाही, मालवणहून आणून द्या म्हटलं तर उद्धटपणे नाही म्हणाले”. उद्धटपणे म्हणालो नाही, पण नाही म्हणालो आणि पुढेही म्हणेन. आपल्या समुद्रातली रीफ बांधणारी सगळी कडक कोरलं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. आम्ही झोआ, मश्रूम, लेदर एवढंच ठेवतो. याचा लाइटशी संबंध आहे बरं का, जो माणूस सॉफ्ट कोरलच ठेवणार त्याला 400 पारची लाइट विकत घ्यायची गरज काय? तुम्हाला पण आम्ही दोन ऐवजी एक मोठी पुरेल असं सुचवलं होतं, कडेला अंधार दिसतो म्हणून तुम्ही दोन घेतल्यात. तरी चालतं, दोन्ही 35 वर चालवल्या तर पंखे पण कमी फिरतात आणि लाइट जास्त वर्षं टिकते.

परत घ्या म्हणालात, तर मिठाच्या टँकवर लागलेली लाइट आम्ही परत घेत नाही, बिलावर मराठीत छापलंय. वॉरंटी आहेच, पंखा परत अडला तर दुकानात आणा, बदलून देऊ. चिलर 26 वर ठेवा, दोन पॉइंटने किती फरक पडतो ते मीटरचं रीडिंग सकाळी-सकाळी लिहून आठवडाभर बघा, बिलाची वाट बघू नका. संपवर (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीवर) छोटा पंखा लावायचं तुम्ही विचारलं होतंत, लावा, आत्ता उन्हाळ्यात दीड-दोन डिग्री उतरतं, फक्त पाणी जास्त उडेल तेव्हा टॉप-अप आरओच्या पाण्याने करा, मिठाच्या नाही. पावसाळ्यात मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, हवाच ओली असते.

शनिवारी दुपारी 4 नंतर मुलगा पार मीटर घेऊन परत येईल, चार्ज नाही. तेव्हा लाइट मुख्य उजेडावर असू द्या, ॲपचा पासवर्ड ज्यांच्या फोनमध्ये आहे त्या वहिनी घरी असतील असं बघा, आणि लेन्सवर मीठ उडालं असेल तर आधीच ओल्या कपड्याने पुसून ठेवा, नाहीतर रीडिंग कमी येईल आणि तुम्ही पुन्हा 100 वर न्याल.