‘खानदेशात एकही फिजिशियन आयुष्मान कार्ड घेत नाही’ : एका संदेशाचा प्रतिवाद

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मोबाइलवरून एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : खानदेशातील एकही एम.डी. मेडिसिन डॉक्टर, म्हणजे फिजिशियन, आयुष्मान कार्ड घेत नाही. पांढरे रेशनकार्ड असणाऱ्यांना तर योजनेत जागाच नाही. कुठे कार्ड घेतलेच, तरी आधी अनामत भरावी लागते. म्हणून कार्ड काढण्याच्या भानगडीत पडू नये आणि मोठे आजारपण आले तर सरळ नाशिक किंवा सुरत गाठावे. हा संदेश पाठवणाऱ्यांपैकी अनेकांनी दवाखान्यात नकार प्रत्यक्ष ऐकलेला असतो, त्यामुळे त्यांना खोटे ठरवण्याचा हेतू येथे नाही. मात्र त्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो मानून कार्ड न काढणाऱ्या कुटुंबाला ऐन रात्री रुग्ण दाखल करताना कागदपत्रांसाठी धावावे लागते.

पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. आयुष्मान भारत आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून एकत्रितपणे राबवल्या जातात. ही एकत्रित योजना डॉक्टरशी करार करत नाही, रुग्णालयाशी करते. ठराविक खाटा, अतिदक्षता विभाग, चोवीस तास डॉक्टर अशा अटी पूर्ण करणाऱ्या रुग्णालयालाच ‘अंगीकृत’, म्हणजे योजनेशी जोडलेले, होता येते. बाजारपेठेत किंवा बसस्थानकाजवळ दोन खोल्यांत तपासणी करणाऱ्या फिजिशियनने मनात आणले तरी त्यांना हे कार्ड घेता येणार नाही, कारण त्यांच्याकडे रुग्ण दाखल करण्याची सोयच नसते. शिवाय योजनेचे पैसे दाखल होऊन घेतलेल्या, यादीतील उपचारांसाठीच मिळतात. साखर तपासून गोळी बदलून घेणे, रक्तदाब मोजणे, दम्याचा पंप लिहून घेणे ही बाह्यरुग्ण विभागातील कामे तिच्या कक्षेत येत नाहीत. अशा तपासणीसाठी कार्ड पुढे केल्यावर मिळालेला नकार नियमानुसारच असतो. तो नकार म्हणजे ‘डॉक्टर कार्ड घेत नाहीत’ याचा पुरावा ठरत नाही.

यातही एक बारकावा आहे, जो रुग्णालयाच्या दारावरील फलकावरून कळत नाही. रुग्णालय अंगीकृत होते ते विशिष्ट शाखांसाठी. एखाद्या रुग्णालयात अस्थिरोगाचे उपचार योजनेतून होत असतील आणि त्याच इमारतीतील फिजिशियनकडे दाखल होणारा रुग्ण मात्र योजनेत बसत नसेल, असे घडू शकते. म्हणून ‘तुमच्याकडे आयुष्मान चालते का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘जनरल मेडिसिनसाठी तुम्ही अंगीकृत आहात का, आणि या आजाराचे पॅकेज यादीत आहे का?’ असे विचारावे, आणि तेही स्वागतकक्षात न विचारता आरोग्यमित्राला विचारावे. पॅकेज म्हणजे एखाद्या उपचारासाठी योजनेने ठरवून दिलेली रक्कम. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात रुग्णांच्या मदतीसाठी आरोग्यमित्र नेमलेला असतो. जिल्ह्यातील अंगीकृत रुग्णालयांची शाखानिहाय माहिती १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकांवर विनामूल्य मिळते.

मेडिसिनचे आजार योजनेतून अजिबात वगळलेले आहेत, हीदेखील चुकीची समजूत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या विस्तारित योजनेत सुरुवातीला १३५६ उपचार होते आणि प्रतिकुटुंब संरक्षण वर्षाला दीड लाखावरून ५ लाख रुपये झाले आहे. डायलिसिस, तसेच सर्पदंशानंतर किंवा पिकावर फवारायच्या औषधाच्या विषबाधेनंतर कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागणे, हे कापूस आणि केळीच्या या पट्ट्यात वारंवार दिसणारे प्रसंग त्यात येतात. मात्र काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यांपैकी एखाद्या उपचारासाठी खासगी रुग्णालयाने सिव्हिलकडे पाठवले, तर त्याला टाळाटाळ म्हणता येत नाही. पॅकेजचे दर अपुरे आहेत आणि रक्कम उशिरा हाती येते, ही खासगी रुग्णालयांची तक्रार जुनी आहे आणि माझ्या मते ती रास्त आहे. पण तिचा भार दारात आलेल्या रुग्णावर टाकणे मुळीच रास्त नाही.

मग दर महिन्याच्या तपासणीसाठी फिजिशियन कुठे मिळेल? संदेशाला हा प्रश्न पडतच नाही, वास्तविक सामान्य कुटुंबाचा पैसा सर्वाधिक झिरपतो तो इथेच. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्हा मुख्यालयांत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय जुने, तर जळगाव आणि नंदुरबारची अलीकडची. तेथील मेडिसिन विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात एम.डी. डॉक्टर तपासतात आणि त्यासाठी कोणतेही विमा कार्ड लागत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. तिथे प्रत्येक वेळी फिजिशियन भेटेलच असे नाही, पण मधुमेह आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमातून दिल्या जातात, आणि उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी या शासनाच्या ऑनलाइन सल्लासेवेवरून तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलणे करून देऊ शकतात. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरील माणसाला नंदुरबारची एक खेप वाचली, तर त्याचा पूर्ण दिवसाचा रोज वाचतो.

बाह्यरुग्ण तपासणीचाही खर्च उचलणारा सार्वजनिक विमा अस्तित्वात आहे. तो म्हणजे राज्य कामगार विमा, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिलमध्ये, चटईच्या किंवा पाइपच्या कारखान्यात काम करणाऱ्या आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. त्या बदल्यात त्याला व त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला दवाखाना किंवा विमा पॅनेलवरील डॉक्टर, औषधे आणि गरज पडल्यास तज्ज्ञाकडे संदर्भचिठ्ठी मिळण्याचा हक्क आहे. अनेक कामगार ही कपात वर्षानुवर्षे देतात आणि खासगी फिजिशियनची फीदेखील भरतात. वेतनचिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसत असेल, तर सर्वप्रथम आपला विमा क्रमांक कोणत्या दवाखान्याशी जोडला आहे ते पाहावे.

पांढऱ्या रेशनकार्डाविषयीचे विधान एकेकाळी खरे होते. पूर्वी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांतील पांढरे कार्डधारक शेतकरीच योजनेत होते आणि खानदेशातील एकही जिल्हा त्या यादीत नव्हता. विस्तारित योजनेत पिवळ्या आणि केशरीबरोबर पांढरे कार्डधारकही आले आहेत. सत्तर वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींसाठी तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले आहे. चौदा अंकी आभा क्रमांक हा मात्र विमा नव्हे, ती केवळ आरोग्यनोंदींची ओळख आहे. तो दाखवून नकार मिळालेल्यांचीही भर या संदेशात पडलेली दिसते.

अनामतीचा मुद्दा थोडक्यात. उपचार मंजूर झाल्यावर पॅकेजमध्ये तपासण्या, औषधे, जेवण आणि घरी परतण्याचे एकवेळचे भाडेही धरलेले असते. त्या उपचारासाठी रोख मागितली गेली, तर पैसे देण्यापूर्वी आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार द्यावी आणि वरील क्रमांकावर ती नोंदवावी. पैसे दिलेच असतील, तर पावती मागून घ्यावी, कारण पावतीशिवाय ती रक्कम परत मागणे जवळजवळ अशक्य होते.

नाशिकला जाण्याची गरज काही गुंतागुंतीच्या आजारांत खरोखर पडते, आणि तिथेही हीच योजना चालते. सुरतेचे तसे नाही. कुटुंबाचे नाव केंद्राच्या पात्रता यादीत असेल, तर आयुष्मान कार्ड गुजरातमधील अंगीकृत रुग्णालयात वापरता येते. केवळ राज्याच्या योजनेतून, रेशनकार्डाच्या आधारे पात्र ठरलेल्या कुटुंबाला ती सोय मिळत नाही. नवापूर, शहादा, तळोदा या बाजूच्या लोकांनी आपले नाव कोणत्या यादीत आहे हे १४५५५ या क्रमांकावर विचारून घ्यावे आणि मगच रुग्णाला गाडीत बसवावे.